गर्वाचं घर खालच्या पाइपवर

जुन्या सायकलीचे गिअर-लिव्हर जपणाऱ्या माणसाला कारण विचारा. तो टिकाऊपणा सांगेल, साधेपणा सांगेल आणि फारच रंगात आला तर पृथ्वीचं कल्याणही सांगेल. कारणं खोटी नाहीत, फक्त मागाहून सुचलेली आहेत. मूळ कारण गर्व. हे मी छातीठोकपणे म्हणतो, कारण या जमातीत मीही मोडतो आणि इथल्या कुणापेक्षाही माझा गर्व कमी आहे असं कुणी म्हटलं तर ते मी खपवून घेणार नाही. तो लिव्हर मुळात आहे काय? फ्रेमच्या खालच्या तिरक्या पाइपवर बसवलेली बोटभर लांबीची ॲल्युमिनियमची दांडी. तिच्या पोटात दोन-चार वॉशर, मधून एक स्क्रू आणि तो हातानं आवळता यावा म्हणून त्याच्या डोक्यावर एक छोटी कडी. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा मागचा डिरेलर स्प्रिंगच्या जोरावर लिव्हरची तार सतत आपल्याकडे ओढत असतो आणि वॉशरचं घर्षण ती ओढ थोपवून धरतं. बस्स. आकडे नाहीत, खाचा नाहीत, कुठे थांबायचं ते सांगणारा खटका नाही. दांडी ओढली की साखळी शेजारच्या चक्रावर चढताना करकरते, जरा जास्त ओढली गेली की पलीकडच्या बाजूनं करकरते, मग केसभर मागे यायचं आणि सगळं गप्प. त्या केसभर जागेत माणसाचा अख्खा अहंकार ऐसपैस राहतो.

1984 साली जपानच्या शिमानोनं ड्युरा-एस मालिकेत ठरावीक खटक्यांचा लिव्हर आणला आणि ही जागा बुजवून टाकली. एक खटका, एक गिअर, चुकायची सोयच नाही. आता जिथे चुकायची सोय नाही, तिथे जमलं म्हणून मिरवायचं कोणत्या तोंडानं? सगळं श्रेय कारखान्याचं. त्या लिव्हरवरची कडी फिरवली की खटके बंद व्हायचे आणि तो जुन्या लिव्हरसारखा चालायचा. खटक्यांचं गणित बिघडलं तर स्वार वाटेत अडकू नये, एवढाच त्यातला हेतू. आम्ही मात्र त्याला कारखान्यानं दिलेला कबुलीजबाब समजतो. आपल्याकडे हा वाद पेटी आणि सारंगीत होऊन गेलेला आहे. सारंगीवर सूर बोटानं शोधायचा, पेटीत तो आयता बसवलेला. मींड निघत नाही अशा कारणांवरून ऑल इंडिया रेडिओनं 1940 साली पेटीला दार बंद केलं, ते 1971 मध्ये उघडायला लागलं. आणि शेवटी झालं काय? आज साथीला सर्रास पेटी असते आणि सारंगिये शोधावे लागतात. तेव्हा हा दाखला आमच्या बाजूनं देताना जपून द्यावा हे मला कळतं. तरी तो दिला, कारण देताना आपण फार रसिक असल्यासारखं वाटतं.

इथे विषय सोडून ‘कांबियो कोर्सा’बद्दल बोलणं भाग आहे. तसं कुणी भाग पाडलेलं नाही, पण मला राहवत नाही. इटलीतल्या विचेन्झाच्या तुल्लिओ काम्पान्योलोनं बनवलेला, 1940 च्या दशकातला हा शर्यतीचा गिअर. सीटपासून मागच्या चाकाच्या आसाकडे उतरणाऱ्या नळीवर, उजव्या अंगाला, दोन लांब सळ्या. गिअर बदलायचा म्हणजे स्वारानं चालत्या सायकलवर एक हात मांडीमागे खाली घालायचा. पहिली सळई फिरवली की मागचं चाक सैल व्हायचं. होय, चालत्या सायकलचं मागचं चाक. मग दुसऱ्या सळईनं साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलायची आणि ती ढकलत असताना पॅडल उलटं मारायचं, कारण ढकलणारा चिमटा साखळीच्या वरच्या अंगाला असे. साखळीचा ढिलेपणा शोषून घेणारी कप्पी नव्हतीच. ते कामही बिचाऱ्या सैल चाकानंच करायचं, दातेरी खाचेत पुढे-मागे सरकून. मग पहिली सळई पुन्हा आवळायची आणि त्यानंतर, सवड असल्यास, रस्त्याकडे बघायचं. या यंत्रावर जिनो बार्ताली 1948 ची टूर द फ्रान्स जिंकला, पहिल्या विजयानंतर दहा वर्षांनी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, आल्प्समधले लागोपाठ तीन टप्पे मारून. पुढे काम्पान्योलोनं दोन सळ्यांचं काम एका सळईवर आणलं आणि त्यावर फाउस्टो कॉपीनं 1950 ची पॅरिस-रूबे शर्यत घेतली. म्हणजे उलटं पॅडल मारत, चाक सैल करत, पार्श्वभागाखाली हात घालून माणसं जग जिंकत होती. त्याच सुमारास काम्पान्योलोचा चौकटीचा डिरेलर आला, त्याचा लिव्हर खालच्या पाइपवर बसला आणि ही कसरत संपली. ज्या लिव्हरला आम्ही आज अस्सल कौशल्याची कसोटी म्हणतो, तो जन्मला तेव्हा आळशांची सोय होता.

यातच पहिल्या आक्षेपाचं उत्तर आहे. आक्षेप असा, की ही निव्वळ स्मरणरंजनाची खोड आहे, दर पिढी आपल्या तरुणपणच्या यंत्रालाच खरं मानते. मान्य, पण ही खोड फार थोर घराण्यातून आलेली आहे. टूर द फ्रान्स सुरू करणारा आंरी देग्रांज याला गिअर हा प्रकारच मंजूर नव्हता. बदलते गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी, अशा अर्थाचं त्यानं 1902 मध्येच लिहून ठेवलं होतं आणि टूरमधल्या नामांकित स्वारांना डिरेलर वापरायची मुभा मिळाली ती थेट 1937 साली, त्यानं सूत्रं सोडल्यावर. आज खालच्या पाइपवरच्या लिव्हरांवर जीव टाकणाऱ्यांचं सरासरी वय डोळ्यांपुढे आणलं, तर देग्रांजचं भाकीत अक्षरशः खरं ठरलं म्हणायचं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हँडलवरचा हात काढून खाली वाकायचं, तेही खड्ड्यांच्या रस्त्यावर किंवा उतारावर, हा शुद्ध वेडेपणा नव्हे का? आहे. 1990 च्या सुमारास गिअर ब्रेकच्या लिव्हरमध्येच आले आणि शर्यतीपुरता वाद मिटला. लान्स आर्मस्ट्राँग डोंगरातल्या टप्प्यांना डावीकडे जुनाच लिव्हर लावायचा, हा आमच्या भात्यातला हमखास बाण. पण त्यानं तो काही ग्रॅम वाचवायला लावला होता. 2012 मध्ये उत्तेजकांपायी त्याची टूरची सातही विजेतेपदं काढून घेतली गेली. त्यात लिव्हरचा हात नव्हता, एवढंच समाधान.

मग उरलं काय? उरते ती एक चीड, आणि तिच्याबद्दल विनोद सुचत नाही. ब्रेक आणि गिअर एकत्र असलेल्या लिव्हरच्या पोटात नखाएवढ्या खिट्ट्या आणि स्प्रिंगा असतात. त्यातलं ग्रीस सुकलं किंवा एक खिट्टी झिजली, की पुष्कळदा ऐकायला मिळतं, ‘पार्ट येत नाही, अख्खा बदला.’ शिवाय आठ चक्रांचा खटका नऊ चक्रांना चालत नाही, एका कंपनीचा दुसरीला बहुतेक चालत नाही. घर्षणाच्या लिव्हरला समोर पाच चक्रं आहेत की नऊ, कुणाच्या कंपनीची आहेत, याची खबरही नसते. तो तार ओढतो, बाकीचं तुमचं तुम्ही बघा. आणि कंपनी उठली तरी तो चालतो. सनटूर या जपानी कंपनीनं 1964 साली तिरक्या चौकटीचा डिरेलर काढला. तिचं पेटंट संपताच शिमानोनं ती रचना उचलली आणि काही वर्षांत मूळ सनटूर बाजारातून उठली. तिचे बारीक दात्यांचे लिव्हर मात्र अजून चालतात आणि त्यांच्या रचनेवर बेतलेले नवे लिव्हर आजही बनतात. आपण विकत घेतलेली वस्तू स्क्रू काढून उघडता यावी, आत काय आहे ते दिसावं, बिघडलं तर आपल्या हातानं बिघडावं, ही मागणी मला तरी गर्वाची वाटत नाही. ती मालकीची आहे. ती करायला आता जुन्या बाजारात जावं लागतं आणि तिथे एकेका डिरेलरला नव्या सायकलीचा भाव ऐकावा लागतो, याला आम्हीच जबाबदार आहोत. काचेच्या कपाटात ठेवायला सुट्टे भाग घेणारे आम्हीच. साखळीचं तेल न लागलेला डिरेलर म्हणजे काय, हे आम्हाला सांगायची हिंमत कुणी करत नाही.

टस्कनीतल्या गायोले गावी 1997 पासून ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी भरते. तिथे ठरावीक सालाआधीचीच सायकल लागते, लिव्हर खालच्या पाइपवर हवेत, पायाला पट्टे हवेत, ब्रेकच्या तारा हँडलवरून उघड्या बाहेर आलेल्या हव्यात. ते साल 1987 आहे, म्हणजे खटक्यांचा पहिला लिव्हरही एव्हाना सोवळ्यात घेतला गेला आहे. या हिशेबानं शिमानोच्या 2009 च्या पहिल्या इलेक्ट्रॉनिक ड्युरा-एसचे भक्तही उद्या पांढऱ्या मिशांना पीळ देत जमतील आणि बटण दाबताना त्या मोटरचा जो बारीक आवाज यायचा, तो आता राहिला नाही म्हणून उसासे टाकतील. त्यांना चार्जर कुठे मिळणार, ते मात्र त्यांचं त्यांनी बघावं.