हे नापोलीत चालतं

अशी एक बाई प्रत्येक जिन्यात असतेच. तुमच्या घरातून फोडणीचा वास बाहेर पडायचा अवकाश, तिचं दार उघडतं आणि "काय शिजतंय?" असं म्हणत एकसदस्यीय चौकशी समिती थेट ओट्यापर्यंत येते. इटलीत, बोलोन्यातल्या आमच्या इमारतीत ही समिती दुसऱ्या मजल्यावर राहते. सगळे त्यांना सिन्योरा म्हणतात. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही इथे आलो त्याच आठवड्यात त्यांनी आमचा फ्रिज उघडून पाहिला होता.

मी पहिल्यांदा लझान्या करायला घेतला तेव्हा त्या लिंबू मागायला आल्या. लिंबू हे निमित्त, त्यांच्या हातात आधीच एक होतं. ओट्यावर मोझरेलाची पिशवी होती. ती त्यांनी दोन बोटांनी उचलली.

"हे कशाला?"

"लझान्यात."

सिन्योरांनी पिशवी खाली ठेवली, पदर असता तर त्याला हात पुसले असते, आणि म्हणाल्या, "हे नापोलीत चालतं."

नापोली म्हणजे आपलं नेपल्स. वाक्य साधं, पण 'तुरुंगात असंच जेवण मिळतं' हे आपण ज्या सुरात म्हणू, तो सूर. पुढे कळलं की हे वाक्य एकट्या मोझरेलासाठी नव्हतं. लिफ्ट बंद पडली, नापोलीत चालतं. तेवीस नंबरची बस आली नाही, नापोलीत चालतं. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने केस निळे केले, पाद्री रविवारी लवकर आटोपून गेला, माझ्या नवऱ्याने सायकल कठड्याला बांधली, सगळ्याची रवानगी दक्षिणेला. २०२३ साली नापोलीच्या संघाने तेहतीस वर्षांनी इटलीतलं फुटबॉलचं अजिंक्यपद मिळवलं, त्या रात्री सिन्योरांनी खिडक्यांच्या झडपा ओढून घेतल्या. फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही.

तुम्ही कधी नापोलीला गेला होतात का, असं मी एकदा विचारलं. गेल्या होत्या, मधुचंद्राला. "जेवण बरं होतं," एवढं कबूल करून लगेच म्हणाल्या, "पाऊस होता, दुसरं करायला काही नव्हतं."

खरं तर नापोलीची बाजू लंगडी नाही. तिथे कार्निव्हलच्या दिवसांत जो लझान्या होतो, त्यात रिकोटा असतं, मोझरेला असतं, मांसाचे छोटे गोळे, सॉसेज, उकडलेली अंडीसुद्धा. चौदाव्या शतकाच्या सुमाराचा 'लिबेर दे कोक्विना' नावाचा लॅटिन पाकग्रंथ नापोलीच्या दरबाराशी जोडला जातो, आणि आंबवलेल्या पिठाचे तुकडे उकडून चीज आणि मसाल्याचे थर द्यायची लझान्याची कृती त्यात आहे. टोमॅटो अर्थातच नाही, तो अमेरिकेतून यायला अजून अवकाश होता. हे मी मोठ्या उत्साहाने सिन्योरांना सांगितलं.

"लिहिलं असेल," त्या म्हणाल्या. "नापोलीत लिहितात."

लिहिण्याबद्दल बोलोन्याने कुणाला नावं ठेवावीत हे मात्र नवलच. या शहराने रागूची कृती १७ ऑक्टोबर १९८२ रोजी नोटरीसमक्ष चेंबर ऑफ कॉमर्समध्ये दाखल केली आहे. रागू म्हणजे लझान्याच्या थरांत जातो तो मांसाचा मंद शिजवलेला रस्सा. त्याच इमारतीत १९७२ पासून तालियातेल्ले या पास्त्याची सोन्याची पट्टी काचेत ठेवली आहे. शिजल्यावर पास्त्याची रुंदी आठ मिलिमीटर भरली पाहिजे, म्हणजे शहरातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा बारा हजार दोनशे सत्तरावा भाग. हे मोजणाऱ्या माणसांच्या घरी वेळ किती असेल! २०२३ मध्ये रागूची कृती नव्याने दाखल झाली. काय चालणार नाही याची यादी तिच्यात आहे आणि त्या यादीत लसूण आहे. सिन्योरांनी ते कात्रण फ्रिजवर चिकटवलंय, आपल्या नव्हे, माझ्या. मी लसूण घालते. दार लावून घालते.

शेवटी एका रविवारी त्यांनी मला बोलावलं, "एकदा बघून घे, म्हणजे मग विसरायला मोकळी." पालक उकडून, पिळून, इतका बारीक केलेला की हिरवं गंध वाटावं. शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडं. अंगठी काढून कॉफीच्या कपात टाकली आणि तळहाताच्या बुडख्याने पीठ पुढे ढकलायचं, घडी, पुन्हा ढकलायचं, असं सुरू झालं. मध्येच एकदा थांबून मनगट चोळलं, मी पाहतेय हे पाहून "पीठ कोरडं आहे" म्हणाल्या. अर्धा तास पीठ झाकून ठेवल्यावर मीटरभर लांबीचं लाटणं निघालं. पोळी वाढत वाढत टेबलाच्या कडेवरून खाली लोंबायला लागली, खुर्चीच्या पाठीवर टाकली तेव्हा वाळत घातलेलं हिरवं लुगडं वाटली. मग त्यांनी तिचं एक टोक खिडकीत उचलून धरलं. पोळीतून सान लुकाची टेकडी दिसली पाहिजे, असं इथे म्हणतात. आमच्या इमारतीच्या त्या बाजूला सुपरमार्केट आहे. "दिसली," सिन्योरा म्हणाल्या. मीही दिसली म्हटलं.

पट्ट्या दोन-दोन करून उकळत्या पाण्यात, तिथून गार पाण्यात, तिथून फडक्यावर. रागू सकाळपासून चुलीवर, त्यात दूध. बेशामेल म्हणजे लोणी-मैदा-दुधाचा पांढरा सॉस, वर किसलेलं जायफळ. थर पातळ आणि पुष्कळ, प्रत्येकावर पार्मिजानो चीज. भट्टीतून काढल्यावर पाव तास हात लावायचा नाही. त्या पाव तासात सिन्योरांनी मला नापोलीत काय काय चालतं ते सविस्तर सांगितलं. चव? लिहवत नाही, पण खालच्या मजल्यावरून आजवर मला मिळालेल्या उपदेशांची त्यात भरपाई झाली.

मग कोल्हापूरहून सासूबाई आल्या. मांस नाही, अंडंही नाही.

"आजारी आहेत का?" सिन्योरांनी विचारलं.

"नाही, तशी पद्धत आहे."

"किती दिवस?"

"जन्मापासून."

सिन्योरा गेल्या. मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात. पार्मिजानोत वासराच्या जठरातलं, दूध फाटवणारं रेनेट असतं, हे तुझ्या सासूला चालतं का? मी म्हटलं, नसावं. पुन्हा गेल्या. रविवारी दुपारी, लिफ्ट बंद असताना, झाकलेलं तापलेलं भांडं दोन्ही हातांत धरून जिना चढून वर आल्या. आत पालक, बेशामेल आणि वनस्पतिजन्य रेनेटचं कसलंसं चीज. दुकानात चष्मा लावून एकेका वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचून त्यांनी ते शोधलं होतं, हे मला चीजवाल्याकडून कळलं. तो अजून वैतागलेला होता.

आणि पट्ट्या? बिनअंड्याच्या पट्ट्या म्हणजे रवा आणि पाणी, दक्षिणेकडची रीत. त्याबद्दल सिन्योरा अवाक्षर बोलल्या नाहीत. संध्याकाळी मी खाली कागदाचा कचरा टाकायला गेले तेव्हा तळाशी एक खोकं चार तुकडे करून कोंबलेलं होतं. जोडून वाचलं. ग्रान्यानो, नापोलीपासून तासाभराच्या आत.

पण ते संध्याकाळी. दुपारी टेबलावर सिन्योरांनी आधीच जाहीर केलं, "हा लझान्या नाही. कुणाला सांगू नका." सासूबाईंनी एक घास घेतला, दुसरा घेतला, ताट पुढे करून आणखी वाढून घेतलं आणि मगच निकाल दिला. "बरंय. पण लसूण नाही, तिखट नाही. पुण्याकडचं दिसतंय."

मी पुण्याची.

"काय म्हणाल्या?" सिन्योरा.

"म्हणतायत, हे नापोलीचं दिसतंय."

सिन्योरांनी काटा खाली ठेवला. इतकी वर्षं शेजारी राहून मला जो मान मिळाला नव्हता तो त्या नजरेत होता. "या बाईला कळतं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून स्वयंपाकघरात आले तर दोघी आधीच हजर. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती. सिन्योरा माझं वीतभर पोळपाटाचं लाटणं हवेत धरून काहीतरी बोलत होत्या आणि सासूबाई म्हणत होत्या, "तेच तर मी लग्नापासून सांगतेय."