अनामतमीमांसा : षष्ठांश प्रकरण

विजयावर ग्रंथांचे ढीग आहेत. पराभवाची प्रतवारी मात्र लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १५८ मध्येच पाहावी. तिथे पराभूत दोन जातींचे : अनामत खिशात घालून घरी जाणारे आणि ती सरकारजमा करून जाणारे. मधली सीमारेषा एकूण वैध मतांचा सहावा हिस्सा. प्राचीन स्मृतिकार प्रजेच्या पिकाचा सहावा भाग राजाला देववीत. इथे राजा होऊ पाहणाऱ्याने प्रजेकडून सहावा भाग मिळवून दाखवायचा. हा निव्वळ योगायोग असेल, पण असे योगायोग सोडून दिले तर संशोधकांनी खावे काय?

शंका : मते बरोबर सहावा हिस्सा भरली तर? समाधान : जप्त. कायद्याला षष्ठांशाहून जास्त मते हवीत. सहा लाख वैध मतांत एक लाखावर अडकलेला बुडाला, एक लाख एकवाला तरला. सबब त्या एका मताची किंमत लोकसभेला २५,००० रुपये, विधानसभेला १०,००० (अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी निम्मी). मत अमूल्य असते असे सांगणाऱ्या वक्त्यांनी हे दरपत्रक जवळ ठेवावे. ‘नोटा’ची मते या हिशेबात धरत नाहीत, नोटाने अनामत भरलेलीही नसते.

दुसरी शंका : विजयी उमेदवारच षष्ठांशाखाली राहिला तर? मते सात-आठ जणांत फाटली की हे गणिताने शक्य आहे. समाधान : निवडून आला ना, मग अनामत परत. मात्र सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेच्या दोन जागा लढवून दोन्ही जिंकणाऱ्याला एकच अनामत मिळते. जिंकून डिपॉझिट घालवण्याचा हा राजमार्ग आमच्या मते पुरेसा गौरवला गेलेला नाही.

या शास्त्राचे सुवर्णयुग म्हणजे १९९६. लोकसभेला १३,९५२ उमेदवार उभे राहिले आणि त्यांतल्या १२,६८८ जणांची अनामत जप्त झाली. सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी एकट्या बेळगावात ४५६ उमेदवार होते. तेव्हा अनामत पाचशे रुपये होती; त्याच वर्षी ती दहा हजार झाली, आणि २००९ च्या दुरुस्तीने पंचवीस हजार.

इच्छुकांना सूचना : अनामत शंभर टक्के परत हवी असेल, तर मुदतीत अर्ज मागे घ्यावा.