बिनपगारी, फुल अधिकारी

शुक्रवारी दुपारी डोंबिवलीतल्या एका बँकेच्या शाखेत पासबुक भरायला गेलं, तर खिडकीमागचा गृहस्थ आकड्यांत मान खुपसून बसलेला दिसतो. ग्राहकाला वाटतं, काय हा कामाचा माणूस! आकडे मात्र बँकेचे नसतात. सकाळच्या शोची ऑक्युपन्सी किती, दुपारी किती चढली, दिल्ली सर्किट कुठे कमी पडलं, नेट किती, ग्रॉस किती आणि त्यातलं ‘ब्लॉक बुकिंग’ किती, याचा ताळेबंद साहेब मांडत असतात. शनिवारी गल्ला पडला की यांचा चेहरा उतरतो. सोमवारी टिकला की शाखेत सगळ्यांना चहा. निर्मात्याकडून यांना आजवर छदाम मिळालेला नाही. उलट तिकिटाचे आणि पॉपकॉर्नचे पैसे यांच्याच खिशातून गेलेले असतात.

‘शोले’ मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला. तेव्हाच्या प्रेक्षकाला सगळे संवाद पाठ होते, कालियाचेसुद्धा. सिप्पींच्या खिशात किती पडले, असा चोंबडा प्रश्न त्याच्या डोक्यात आला नव्हता. आताच्या साहेबांना नायिकेचं पात्राचं नाव विचारा, अडखळतील. दुसऱ्या सोमवारचं कलेक्शन विचारा, दशांश चिन्हासकट सांगतील.

हिशेबाची ही लागण सरकारी पातळीवरही पोचली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषद भरली आणि पॉपकॉर्नविषयी खुलासा निघाला: सुटे, मीठमसाला लावलेले असतील तर ५ टक्के, तेच पाकीटबंद असतील तर १२, आणि कॅरॅमल असेल तर साखरेमुळे ती मिठाई, म्हणून १८. साहेबांनी पुढचा महिनाभर मध्यंतरात हेच सांगून मागच्या रांगेचं डोकं खाल्लं. बंगळूरच्या एका प्रेक्षकाला मात्र वेगळाच हिशेब सुचला. ‘सॅम बहादूर’चा चार वाजून पाच मिनिटांचा शो जाहिराती दाखवत साडेचारला सुरू केला, माझा वेळ वाया गेला, म्हणून त्याने ग्राहक आयोगात तक्रार केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला, थिएटरवाल्यांना लाखाचा दंडही झाला. पुढे उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. साहेबांना ही तक्रार मुळातच पटली नाही. त्या पंचवीस मिनिटांत ते येणाऱ्या ट्रेलरांचे निकाल लावतात.

तरी हिशेबनीस हे यांचं साधं पद. वजनदार पद मिळालं ते ‘छावा’च्या वेळी. सुरुवात जानेवारी २०२५ मध्येच झाली. ट्रेलरमध्ये छत्रपती संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले आणि वाद पेटला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर राज ठाकरे यांना भेटून आले आणि प्रसंग काढून टाकतो म्हणाले. त्या आठवड्यात साहेबांनी लेझमीवर आधी एक आणि मग बरोबर उलटं, अशी दोन मतं तितक्याच ठामपणे मांडली. १४ फेब्रुवारीला सिनेमा लागला आणि साहेब एका रात्रीत इतिहास संशोधक झाले. सिनेमा शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ कादंबरीवर आहे, हे ते सगळ्यांना सांगत होते. ती कादंबरी त्यांच्या कपाटात आहे. चाळिसाव्या पानावर खुणेला बसचं तिकीट ठेवलेलं आहे. तिकीट तीन रुपयांचं आहे, यावरून वाचन कधी थांबलं याचा अंदाज करावा.

विकी कौशलने मेहनत घेतली होती यात वाद नाही, आणि शेवटचा अर्धा तास पाहून गलबलून येणं स्वाभाविकच होतं. पण त्या दिवसांत नुसतं रडून भागत नव्हतं, ते रडणं पोचवावं लागत होतं. साहेबांच्या पुढच्या रांगेतल्या तरुणाने हे फार शिस्तीत केलं. आधी फोन आडवा धरला, मग उभा. पडद्यावरच्या मशालीचा उजेड गालावर नीट पडेना, म्हणून मान थोडी डावीकडे वळवली. हुंदका आला तेव्हा रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं राहिलं होतं. बिचाऱ्याने दुसरा हुंदका काढला. तो पहिल्याइतका चांगला नव्हता, पण चालून गेला.

नागपुरात एक प्रेक्षक महाराजांच्या वेशात घोड्यावरून थिएटरात आला. भरूचमध्ये एकाने छळाचं दृश्य सुरू असताना थेट पडदाच फाडला. तो नशेत होता असं पोलिसांनी सांगितलं. पण कमाल केली मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडच्या लोकांनी. सिनेमात बुऱ्हाणपूरची लूट दाखवली आहे. त्यातच महामार्गाच्या कामातली माती शेतात टाकली होती आणि तिच्यात जुनी नाणी सापडल्याची आवई उठली. झालं! मार्च महिन्यात अंधार पडला की माणसं टॉर्च, कुदळी आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतात उतरू लागली. कुणाच्या शेतात खणतोय याची चौकशीही नाही. मोगली खजिना मिळाला नाही, शेतकऱ्याला खड्डे मिळाले. हिंदी सिनेमाने आजवर लोकांना केसांचे भांग दिले, पँटच्या बेलबॉटम दिल्या, मुलींची नावं दिली. रोजगार हमीचं काम पहिल्यांदाच दिलं.

इकडे शिर्के घराण्याच्या वंशजांनी गणोजी आणि कान्होजी यांच्या चित्रणाला हरकत घेतली, १०० कोटींच्या दाव्याचा इशारा दिला आणि दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. साहेबांनी ती बातमी वाचून एकच प्रश्न विचारला, “हे शंभर कोटी नेटमधून वजा होणार का?” सिनेमात रायाजी झालेला मराठी नट एका मुलाखतीत सांगून गेला की सेटवर औरंगजेबाच्या भूमिकेतल्या अक्षय खन्नाशी मी बोललोच नाही. त्याची भरपूर टिंगल झाली आणि साहेबांनीही हात धुऊन घेतले. स्वतः मात्र त्यांनी ‘दिल चाहता है’ लागला तर चॅनेल बदलायला सुरुवात केली होती.

आता गंमत पाहा. याच ‘छावा’त कवी कलश झालेला विनीत कुमार सिंह बरोबर दोन आठवड्यांनी, २८ फेब्रुवारीला, दुसऱ्या एका सिनेमात पुन्हा लेखणीवाला झाला होता. रीमा कागतींचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’. गोष्ट खरी आहे आणि आपल्याच राज्यातली आहे. व्हिडिओ पार्लर चालवणारा नासिर शेख मालेगावातल्या दोस्तांना गोळा करून ‘मालेगाव के शोले’ काढतो, पुढे यंत्रमागावर काम करणाऱ्या शफीकला सुपरमॅन करून उडवतो. ट्रॉली परवडत नाही तर सायकल वापरायची, असा सगळा मामला. सिनेमाचं वेड म्हणजे काय, हे ज्याला बघायचं आहे त्याने बघावा असा हा सिनेमा. थिएटर मोकळं होतं. कवी कलशासाठी ढसाढसा रडलेल्या साहेबांनी त्याच नटाचा हा सिनेमा का पाहिला नाही, असं विचारलं तर उत्तर तयार होतं: “ओपनिंगच नव्हतं हो त्याला.”

मालेगावकरांनी धीर सोडू नये. कोकणातल्या वाड्यात, पावसात भिजत घडणारा राही अनिल बर्वेंचा ‘तुंबाड’ ऑक्टोबर २०१८ मध्ये लागला तेव्हाही साहेब आले नव्हते. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. त्या वेळी साहेब पहिल्या शोला हजर होते. “हा क्लासिक आहे, असं मी तेव्हाच म्हणत होतो,” असं ते म्हणाले. म्हणजे ‘सुपरबॉइज’चे दिवस २०३१ च्या सुमारास फिरतील.

‘फुले’च्या वेळी साहेब सेन्सॉरवर होते. अनंत महादेवन यांचा हा सिनेमा ११ एप्रिलला, जोतिरावांच्या जयंतीला यायचा होता. ब्राह्मण संघटनांनी हरकती घेतल्या, सेन्सॉर बोर्डाने ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ असे शब्द बदलायला सांगितले, आणि सिनेमा २५ एप्रिलवर गेला. जातिव्यवस्थेवरच्या सिनेमातून जातींची नावं काढून टाकायची, ही युक्ती खुद्द जोतिरावांना सुचली नाही, नाहीतर त्यांचे किती कष्ट वाचले असते! त्या दोन आठवड्यांत साहेब इतके बोलले, इतके बोलले, की सिनेमा लागला तेव्हा पार थकून गेले होते. मग आयपीएल होतीच.

६ जूनला ‘हाउसफुल ५’ आला आणि तिकीटबारीवर शाळेतल्या तुकड्यांसारखा प्रश्न पडला: ५ अ की ५ ब? सिनेमा एक, जहाज एक, मुडदा एक. पण शेवट दोन आणि खुनी वेगवेगळे. निर्मात्याची बुद्धी दांडगी. रहस्यपटात खुनी सापडला नाही तर प्रेक्षक चिडतो. इथे सापडूनही अर्धाच सापडतो आणि उरलेल्यासाठी पुन्हा तिकीट काढावं लागतं. साहेबांनी अ पाहिला. रविवारी ब पाहायला निघाले तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला.

“अहो, परवाच तर पाहिलात.”

“अगं, खुनी वेगळा आहे.”

“मेलेला तोच ना? मग झालं तर.”

यापेक्षा नेमकं परीक्षण कुठल्याही समीक्षकाला जमलेलं नाही. त्याच दिवशी अमृता सुभाषचा ‘जारण’ही लागला होता. त्याला शेवट एकच होता, त्यामुळे साहेबांचं लक्ष गेलं नाही.

जुलैत साहेबांच्या अंगात मराठी बाणा संचारला. ५ तारखेला वरळीच्या डोममध्ये दोन्ही ठाकरे बंधू एका व्यासपीठावर आले, तेव्हा हिंदीच्या सक्तीविरुद्ध सर्वांत मोठी घोषणा यांनी घरी टीव्हीसमोर दिली. १८ तारखेला ‘सैयारा’ आणि ‘येरे येरे पैसा ३’ एकाच दिवशी लागले. आठवड्याभरात ‘सैयारा’साठी मराठी सिनेमाचे शो उतरवले जात असल्याची ओरड झाली, मनसेने मल्टिप्लेक्सवाल्यांना इशारा दिला. साहेब भयंकर संतापले. मराठी सिनेमाला मराठी मुलखात पडदा मिळू नये, ही केवढी शरमेची गोष्ट, असा खरमरीत मजकूर त्यांनी लिहून सगळ्या ग्रुपांवर धाडला. लिहिला ‘सैयारा’च्या मध्यंतरात. आणि धाडला कसा, तर पहिल्यांदा रडण्याचा व्हिडिओ, त्याच्या पाठोपाठ हा मजकूर.

‘सैयारा’चं तर विचारूच नका. मोहित सुरीने अहान पांडे आणि अनीत पड्डा ही नवी जोडी आणली, प्रदर्शनाआधी त्यांना मुलाखतींपासून लांब ठेवलं, आणि बाकी प्रसिद्धी प्रेक्षकांवर सोपवली. प्रेक्षकांनी ती मनावर घेतली. कुणी शर्ट काढून छाती बडवली, कुणी खुर्चीतच भोवळ येऊन पडलं, आणि एक वीर तर हाताला सलाइन लावून थिएटरात बसलेला व्हिडिओतून देशभर दिसला. नायिकेला ऐन विशीत अल्झायमर होतो अशी कथा. ‘अ मोमेंट टू रिमेंबर’ नावाचा २००४ चा कोरियन सिनेमा पाहिलेल्यांनी साम्य दाखवलं, पण स्मृतिभ्रंशावरच्या सिनेमात जुनं कशाला आठवायचं! चित्रपटगृहात पूर्वी डासांसाठी फवारणी व्हायची. यापुढे दारातल्या तपासणीत पाण्याची बाटली काढून घेताना सलाइनच्या बाटलीचं काय करायचं, याचाही नियम लागेल. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत, यात ग्लुकोज बसतं का?

सप्टेंबरात नीरज घायवान यांचा ‘होमबाउंड’ आला. पोलिसभरतीच्या आशेवर असलेले दोन मित्र, मग टाळेबंदी, मग गावाकडची वाट. कानला टाळ्या, भारताकडून ऑस्करसाठी निवड, सगळं झालं. साहेबांनी अभिनंदनाचा संदेश पाठवला. संदेशाखाली कुणीतरी भाबडेपणाने “पाहिलात का?” असं विचारलं. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

आणि मग ५ डिसेंबरला ‘धुरंधर’. तीन तास चौतीस मिनिटं. नायक रणवीर सिंह, पण सगळा माहोल लुटला तो ल्यारीच्या रहमान डकैतने. म्हणजे पुन्हा अक्षय खन्नानेच. बहरीनच्या फ्लिपराची या रॅपरचं अरबी गाणं वाजतं, हा माणूस हात वर करून सहज दोन पावलं नाचत येतो, आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत लग्नाच्या वरातीपासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत सगळीकडे तीच दोन पावलं. साहेबांच्या सोसायटीच्या स्नेहसंमेलनात पुरुष मंडळींनी हाच नाच बसवला. बोल अरबी, अर्थ कुणालाच ठाऊक नाही. मराठी बाण्याचे सगळे शिलेदार पहिल्या ओळीत. साहेब मध्यभागी, काळा गॉगल लावून.

तालीम दिवाणखान्यात चालायची. मुलगा फोनवर व्हिडिओ थांबवून थांबवून दाखवायचा, “बाबा, हात इतका वर नाही. खांद्याच्या थोडा वरती. आणि हसायचं नाही, तो हसत नाही.” साहेबांना घाम फुटलेला. सौ. भाजी निवडत सगळं बघत होत्या.

“अहो, हा तोच ना? ज्याला बघून तुम्ही खुर्चीवरून उठून शिव्या घालत होतात?”

“ते फेब्रुवारीत,” साहेब म्हणाले, आणि मुलाला गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.