काकाजी आराम करून रायले

मारेगाव तालुक्यात आराम ही गोष्ट पिकाला विचारून करावी लागते. मृगात पेरणी, मग डवरणी, निंदण, खत, फवारणी. दिवाळीच्या आगेमागे वेचणी लागली की ती फेब्रुवारीपर्यंत पुरते. उन्हाळा मोकळा असतो, पण पंचेचाळीस अंशांत माणूस आराम करत नाही, नुसता पडून असतो. राहता राहिले ते श्रावणातले, दोन फवारण्यांमधले चार दिवस. आणि नेमके तेव्हाच पाऊस दडी मारतो, म्हणून काकाजी वावर सोडत नाहीत.

असे काकाजी आमच्याकडे गल्लीला एक तरी सापडतात. साठी ओलांडलेली, पोरगा पुण्यात, वावरात कपाशी, कपाशीत तूर आणि घरी एक सालदार. आराम करायला त्यांची ना नसते. फक्त तो करताना वावर डोळ्यांसमोर पाहिजे. या खेपेला पोराने परस्पर चिखलदऱ्याची खोली बुक करून टाकली. पैसे परत मिळणार नाहीत हे कळल्यावर काकाजी आरामाला तयार झाले. गाडी माझी आणि चालवणाराही मीच, त्यामुळे हा आराम मी डोळ्यांनी पाहिला.

यवतमाळ, नेर, बडनेरा, अमरावती, परतवाडा असा रस्ता. यवतमाळपर्यंत काकाजींनी दोन्ही बाजूंच्या कपाशीची उंची मोजली. नेरनंतर लोकांच्या सोयाबीनवर पिवळा पडल्याचा ठपका ठेवला. परतवाडा सोडून घाट लागला, साग सुरू झाला, धुकं काचेला टेकलं, आणि काकाजी एकदम गप्प झाले. काकूंना वाटलं, निसर्गाने माणूस जिंकला. तेवढ्यात काकाजी म्हणाले, "टावर गेला."

चिखलदरा म्हणजे विदर्भाचं एकुलतं एक थंड हवेचं ठिकाण, उंची सुमारे १,११८ मीटर. इथे येणारे लोक देवी पॉइंटला धबधब्यासाठी जातात, हरिकेन पॉइंटला दरीसाठी. काकाजींनी पॉइंटांची प्रतवारी मोबाइलच्या कांड्यांवर लावली. एक कांडी दिसली की पॉइंट बरा, दोन दिसल्या की सुंदर. भीमकुंडाजवळ, जिथे कीचकाला मारल्यावर भीमाने हात धुतले असं सांगतात, तिथे एकही कांडी नव्हती. भीमाचं ते स्थान काकाजींनी दोन मिनिटांत उरकलं.

पंचबोलला मात्र कहर झाला. तिथे हाक मारली की दरी ती पुन्हा पुन्हा परत करते. पोरंटोरं आपापली नावं ओरडत होती. काकाजींना त्याच क्षणी कांडी सापडली, सालदाराने फोन उचलला, आणि त्याला ऐकू जात नाही म्हणून काकाजींनी पोटातून आवाज काढला, "पानी आला काऽऽ?" समोरच्या कड्यांनी विचारलं, "आला काऽऽ... आला काऽऽ..." सगळे पर्यटक वळून पाहू लागले. पावसात भिजत उभं राहून पाऊस आला का विचारणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्षी पाहायला निघालो. वाट दाखवायला एक कोरकू तरुण होता, पाय न वाजवता चालणारा. ओढ्याकडून शीळकरी कस्तुराची शीळ आली, माणसाने मजेत वाजवावी तशी. काकू जागच्या जागी थांबल्या. काकाजी म्हणाले, "कोन पोट्टा शिट्ट्या मारून रायला? कामधंदा नाही काय त्याले?" पुढे त्या तरुणाने बोट ओठांवर ठेवून फांदी दाखवली. स्वर्गीय नर्तक, पांढरीशुभ्र लांब शेपटी सोडून बसलेला नर. काकाजींना पक्षी दिसला आणि त्यांचे दोन्ही हात आपोआप वर गेले, "हाऽऽ हुर्रर्र!" त्यांच्या वावरात ज्वारी होती तोवर पाखरू दिसलं की हाकलायचं, एवढंच नातं त्यांना ठाऊक. नर्तक गेला. काकाजी समाधानाने म्हणाले, "उडाला."

मग तो तरुण रानपिंगळ्याबद्दल सांगू लागला. हा म्हणजे दिवसा हिंडणारं छोटं घुबड. १८८४ नंतर तो कुणाला सापडलाच नाही. जगातून गेला असं सगळे धरून चालले होते. ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षितज्ज्ञ बाईंना तो खानदेशात शहाद्याजवळ दिसला, आणि नंतर कळलं की इथल्या मेळघाटातही त्याची चांगली वस्ती आहे. काकूंनी हे अगदी मन लावून ऐकलं. मग काकाजींच्या खिशाकडे बघत म्हणाल्या, "पाहा. एकशे तेरा वर्षं सुट्टीवर होता. त्याले कोनाचा फोन नाही, अन् त्याचाबी कोनाले नाही."

गाविलगडावर काकाजी प्रथमच रमले. बुरुजांमुळे नव्हे, तळ्यांमुळे. एवढ्या उंचावर एवढं पाणी साठवणाऱ्याला शेततळ्याचं अनुदान किती मिळालं असेल, याचा ते विचार करत होते. १५ डिसेंबर १८०३ ला वेलस्लीने मराठ्यांकडून हा किल्ला घेतला असं मी सांगितलं.

"डिसेंबरात ना? मंग बराबर. इंग्रजालेही हंगाम समजत होता. पावसात इथं कोन येते?"

"आपन आलो ना," काकू म्हणाल्या.

खाण्याच्या बाबतीत काकूंचं धोरण सरळ होतं: दुसऱ्याने केलेलं आणि दुसऱ्याने वाढलेलं काहीही चालेल. त्यांनी वाटीभर राबडी घेतली, मग आणखी एक घेतली, आणि ताट उचलायला वेटर आला तेव्हा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. काकाजींनी भुट्टेवाल्याला "आमच्या धुऱ्यावर हा फुकट असते" असं ऐकवलं आणि दोन खाल्ले. इथे कॉफी पिकते हे कळल्यावर कप समोर आला, पण त्यांनी आधी विचारलं, एकरी झाडं किती आणि बोंडअळी येते का? वेटरने साखर पुढे केली.

त्या संध्याकाळी फोन उलट्या दिशेने आला. सालदार ओरडत होता, "काकाजी, पानी आला! दोन घंटे धो-धो! तुम्ही गेले अन् आला!" काकाजींचा चेहरा आनंद आणि अपमान यांच्या मधोमध अडकला. मग शेजारच्या धुरेकऱ्याचा फोन आला, पाठोपाठ पलीकडच्याचा. दोघांचं म्हणणं एकच: "काकाजी, घाई करू नका. अजून दोन दिस आराम करा." साऱ्या शिवाराला आपल्या तब्येतीची एवढी काळजी आहे हे पाहून काकाजी हेलावले आणि खोलीचं एका दिवसाचं जादा भाडं त्यांनी स्वतःच्या खिशातून भरलं.

आता मारेगावात पावसाने दहा दिवस ताण दिला की धुरेकरी आभाळाकडे पाहत नाहीत, काकाजींच्या ओसरीवर येतात. "मंग, चिखलदऱ्याले कवा निघता?" काकाजी फवारणीचं कारण काढतात, डवऱ्याचं काढतात. आतून काकू बॅग घेऊनच बाहेर येतात. "मी तयार हाय. पन सांगून ठेवतो, या वख्ती पिंगळा दिसल्याबिगर वापस येनार नाही. मंग मारेगावात पूर आला तरी चालते."