शेरा : पड

लंडनमध्ये हायबरी नावाचं एक स्टेडियम होतं. आर्सेनलचा फुटबॉल संघ १९१३ पासून २००६ पर्यंत तिथे खेळला आणि मग जागा पुरेना म्हणून हाकेच्या अंतरावरच्या साठ हजार खुर्च्यांच्या नव्या मैदानात बिऱ्हाड घेऊन गेला. जुनं मैदान मात्र सपाट झालं नाही. पूर्वेकडच्या १९३६ सालच्या प्रेक्षागाराचा दर्शनी भाग वारसा म्हणून जपलेला, तो तसाच राहिला, पश्चिमेचाही राहिला, आणि जिथे पिढ्यान्‌पिढ्या लोक उभे राहून घसा कोरडा करत होते तिथे साडेसहाशेहून जास्त घरं झाली. मधल्या हिरवळीची बाग केली. २००९ पासून तिथे माणसं नांदताहेत. पेनल्टी बॉक्सच्या जागी आता एखादी आजी बाकावर बसून नातवाला खारी भरवत असेल, आणि त्या नातवाला कुणी सांगितलंही नसेल, की तू बसलायस तिथे एके काळी मोठमोठ्या माणसांच्या तोंडचं पाणी पळत असे.

या गृहप्रकल्पाचं जगभर कौतुक झालं. जमिनीचा सदुपयोग म्हणतात तो हाच. मलाही तो मनापासून आवडला. पण आमच्या गावच्या, वैशाखऱ्याच्या पारावर हे कौतुक सांगावं, तर ऐकणारा माणूस तंबाखू मळता मळता विचारील, की मग शेती कधी करतात तिथे?

प्रश्न भाबडा नाही. कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव आहे. वर सह्याद्रीची भिंत, तिच्यात नाणेघाटाची खिंड, आणि खिंडीशेजारी नानाचा अंगठा, खरेदीखतावर उठवलेल्या निशाणीसारखा आभाळावर उमटलेला. त्या अंगठ्याच्या साक्षीने इथली भातखाचरं वर्षातून तीन-चारदा धंदा बदलतात. दिवाळीच्या आगेमागे भात कापून झालं, खळ्यावर झोडणी झाली, की ज्या खाचरात ओल असते तिथे वाल, हरभरा पडतो. जे खाचर कोरडं पडतं, ते गावातली पोरं ताब्यात घेतात. त्याचा ना करार होतो, ना भूमिपूजन.

एका खाचराचं स्टेडियम कसं होतं ते पाहण्यासारखं असतं. आधी विळ्याने धसकटं छाटायची, नाहीतर स्लिपमधल्याच्या पोटऱ्या सोलवटतात. मग बावीस पावलांची पट्टी आखायची, कारण फूटपट्टी शाळेत असते आणि शाळा बंद असते. पट्टीवर हंड्याने पाणी ओतायचं, ओल मुरू द्यायची, आणि खळं करायला वापरतात त्याच चोपण्याने ती अशी बडवायची की भेगा मिटाव्यात. शेवटी शेणकाला. सारवलेल्या त्या पट्टीवर टेनिसचा चेंडू टाकला तर टप्पा असा नेटका पडतो की लॉर्ड्‌सच्या माळ्याने कौतुकाने मान हलवावी. बांध म्हणजे चौकार, पलीकडचा बांध म्हणजे षटकार, आणि करवंदीच्या जाळीत गेला तर खेळ थांबतो. कारण तिथे चेंडू शोधायला गेलेला माणूस करवंदं संपेपर्यंत परत येत नाही. फाल्गुनात लाऊडस्पीकर लावून सामने होतात. चषक असतो, रोख रक्कम असते, कुठे कुठे बक्षिसाला बोकड असतो. बोकड आपला निर्विकार. दोन्ही संघांबद्दल त्याच्या मनात सारखाच दुरावा.

आम्ही ज्यांच्या खाचरात खेळायचो त्या म्हाताऱ्यांना सगळे आबा म्हणत. मृगाचा पाऊस पडला की आबा नांगर घेऊन यायचे आणि वर्षभराचा राग एका सकाळीत काढायचे. सगळं खाचर लोण्यासारखं उकलायचं, फक्त मधली पट्टी उकलायची नाही. बैल तिथे येऊन थबकायचे. आबा पोरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे, पुढच्या वर्षी पाय ठेवाल तर तंगडं मोडीन म्हणायचे, आणि पुढच्या मार्गशीर्षात चोपणं स्वतःच ओटीवर काढून ठेवायचे. आवणी झाल्यावर महिनाभरात सगळं हिरवंगार दिसे. पण बांधावरून नीट पाहिलं तर पट्टीवरचं भात बाकीच्यापेक्षा किंचित बुटकं असायचं. आबांना ते दिसायचं. ते बोलायचे नाहीत.

सरकारदरबारी यातलं काही नाही. सातबाऱ्यातल्या बाराच्या नमुन्यात पिकांच्या नोंदी असतात : खरिपात भात, रब्बीत असलाच तर वाल, आणि उन्हाळ्यात शेरा : पड. बावीस खेळाडू, दोन पंच, एक समालोचक, शे-दोनशे प्रेक्षक, सरबताची गाडी आणि एक बोकड एवढं सगळं ज्या जमिनीवर उभं आहे ती जमीन कागदावर पडीक! २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवर पिकाचा फोटो काढून नोंद करायची सोय झाली. एखाद्या चैत्रात कुणी तरी क्षेत्ररक्षण लावलेल्या खाचराचा फोटो चढवायला हवा होता. आणि कायद्याच्याच भाषेत बोलायचं तर १९४८ चा कूळकायदा आहे, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आहे, कसेल त्याची जमीन हे तत्त्व आहे. इतकी वर्षं सलग दर उन्हाळ्यात ती पट्टी कसणाऱ्या पोरांनी कूळ म्हणून दावा लावला असता, तर तहसीलदारसाहेबांची पंचाईतच झाली असती.

शहरात जमिनीला असं पाळीपाळीने राबता येत नाही. तिथे एकदा ठरलं की ठरलं. मुंबईत समुद्र हटवून मिळवलेल्या जागेवर १९३७ साली ब्रेबॉर्न स्टेडियम उभं राहिलं. पुढे सामन्यांच्या जागावाटपावरून ते चालवणारा क्रिकेट क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांचं बिनसलं. तेव्हा संघटनेने एक किलोमीटरही दूर नाही अशा ठिकाणी वानखेडे बांधलं, आणि १९७५ च्या जानेवारीत तिथे पहिली कसोटी झाली. आमच्याकडे याला भाऊबंदकी म्हणतात. फरक इतकाच, की आमच्याकडे भाऊ भावावर रागावला तर रात्री जाऊन त्याच्या बाजूने बांध वीतभर कोरतो. दुसरं स्टेडियम काढण्याइतका राग कुणालाच परवडत नाही. बांध कोरण्यालाही कुणी जमिनीचा सदुपयोग म्हणेल. वीतभर जमीन इतक्या निष्ठेने दुसरं कोण वापरतं?

स्टेडियमात राहायला जाण्याचा प्रसंग मुंबईकरांवरही एकदा आला, पण तो हायबरीसारखा हौसेचा नव्हता. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये खाटांच्या रांगा लागल्या. जिथे माणसं गर्दी करायला जायची, तिथे त्यांना गर्दीपासून दूर ठेवायला नेलं.

रोमन लोकांनी फ्रान्समधल्या आर्ल गावी एक प्रचंड रंगमंडल बांधलं होतं, वीसेक हजार माणसं बसतील असं. साम्राज्य बुडालं, बाहेर पेंढारी माजले, तेव्हा गावकऱ्यांनी शहाणपणा केला : भिंती भक्कम आहेत, आत जाऊन राहू. त्या गोलात दोनशेच्या वर घरं आणि दोन प्रार्थनामंदिरं झाली. शेकडो वर्षं लोक तिथे जन्मले, भांडले, मेले. मग १८२५ च्या सुमारास वारशाची आठवण झाली, घरं हलवली आणि १८३० मध्ये आत पुन्हा खेळ सुरू झाले. मला या गोष्टीत त्या घरातल्या बायकांची काळजी वाटते. शेवटच्या दिवशी चुलीवरून भांडी उतरवताना त्यांना कुणी काय सांगितलं असेल? तुमच्या स्वयंपाकघरात आता बैलांची झुंज लावायची आहे?

आमच्या मुरबाड-शहापुरातही आता घरं येताहेत. रस्त्याकडेला फलक आहेत : एन.ए. प्लॉट, डोंगराचा देखावा, मुरबाडला रेल्वे येणारच आहे. खाचर विकलं जातं, बांध फोडून भराव पडतो, कुंपण होतं, कमान होते. आत कौलारू दिसण्याची खटपट करणारे बंगले उभे राहतात आणि त्यांना कुलपं लागतात. मालक ठाण्याला, डोंबिवलीला, कुणी अमेरिकेला. हायबरीत स्टेडियम गेलं आणि माणसं आली. इथे स्टेडियम गेलं, भातही गेलं, आणि आलं ते कुलूप. मला या मालकांचा राग येत नाही. डोंगराकडे तोंड करून एक खिडकी असावी असं कुणाला वाटत नाही? फक्त ती खिडकी वर्षातून चार दिवस उघडते, आणि उरलेले दिवस डोंगरच बंगल्याकडे बघत बसतो.

आबांचं खाचरही अशाच एका कुंपणात गेलं. आबा त्याआधीच गेले होते, पोरांनी वाटण्या केल्या, वाटण्यांचे तुकडे झाले, तुकड्यांना भाव आला. त्यात नवल नाही. कमानीपाशी जो वॉचमन बसतो तो गावातलाच, एके काळचा आमचा जलदगती गोलंदाज. आता गुडघे धरलेत. सोमवार ते शुक्रवार सगळं सामसूम असतं, आणि आतले डांबरी रस्ते मात्र तुळतुळीत. चोपण्याची गरज नाही, शेणकाल्याची नाही. तेव्हा शाळा सुटली की पोरं येतात, वॉचमन फाटकाची कडी काढतो आणि खुर्ची घेऊन पंचाच्या जागी बसतो. ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’ हा पत्रा त्यांनी उपटला नाही. तोच बोलिंग एंडचा स्टंप आहे.

नियम नव्याने करावे लागले. बंगला नंबर सातच्या कुंपणाला लागला तर चार. टाकीवर आपटला तर सहा. व्हरांड्यात पडला तर बाद, कारण चेंडू आणायला कुंपण ओलांडावं लागतं. स्विमिंग पूलचं काय, यावर मात्र एकमत नाही. मोठी पोरं म्हणतात सहा. धाकटी म्हणतात, तो कोरडाच असतो, उतरून झेल घेता येतो, मग आऊट का नाही? वॉचमनने निर्णय मे महिन्यापर्यंत राखून ठेवला आहे. तेव्हा मालक येतात आणि पाणी भरतात.