नदीदर्शन प्लॉट

भाऊजींनी परवा भंडाऱ्यात वैनगंगेकडचा प्लॉट दाखवायला नेलं. कालपर्यंत धानाची बांधी. चुन्याच्या रेघा मारल्या की तिचा लेआउट होतो. "एनए होऊनच जाईल," दलाल म्हणाला. सातबाऱ्यावर अजून धानच उभं. जोखमीचं विचारलं तर चहा आला. पूररेषेचं विचारलं, बिस्किटंही आली. शेजारच्या भिंतीवर ऑगस्ट 2020च्या पुराची मातकट खूण, माझ्या कमरेच्या वर. पाटबंधारे खात्याची निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दलालाची मात्र पहिल्या पावसापर्यंतची. तोट्याचा बंदोबस्त भाऊजींनी आधीच करून ठेवलाय: प्लॉट अंगाशी आला तर साळ्याच्या गळ्यात मारायचा. इसारपावती सध्या माझ्या खिशात आहे.