खिशात लोहचुंबक

जुनी गाडी घ्यायची किंवा विकायची असली, की आमच्या भागात आधी नानांना बोलावतात. मुलगी बघायला जाताना एक दूरचे, पण फार अनुभवी काका बरोबर नेत, तसंच हे. नाना मेकॅनिक नाहीत, दलालही नाहीत. उभी हयात कचेरीत गेली, फिरतात अजून लूनावर. कमिशन घेत नाहीत. चहा घेतात, दोनदा.

आमची गाडी म्हणजे वडिलांची १९६८ सालची फियाट अकराशे डिलाइट. हिच्या आधीच्या गुबगुबीत फियाटला लोक ‘डुक्कर’ म्हणायचे. हिच्या नशिबी पुढे ‘पद्मिनी’ होणं होतं. तीन वर्षांपूर्वी मी ती नवी करायला काढली. इंजिन झालं, खालचा पत्रा झाला, रंग डाव्या बाजूनं झाला आणि पैसे सगळ्या बाजूंनी संपले. काचा, बीडिंग आणि क्रोमच्या पट्ट्या दोन पोत्यांत आहेत. असाव्यात.

नानांनी आधी रुमाल काढला. त्यात लोहचुंबक गुंडाळलेलं. डावीकडच्या चकाकत्या दारावर ते टेकवलं आणि हात सोडला. चुंबक जमिनीवर.

‘‘पत्रा कमी, लांबी जास्त,’’ नाना म्हणाले. ‘‘ही गाडी आहे की भिंत?’’

मग कलिंगड वाजवावं तशी त्यांनी गाडी वाजवत नेली. टण्, टण्, थप्. ‘थप्’ आलं, की ते माझ्याकडे बघत आणि मी दुसरीकडे. उजवी बाजू अजून गंजलेलीच होती. तिथे चुंबक चटकन बसलं, आणि नानांच्या चेहऱ्यावर प्रथमच आपुलकी दिसली. ‘‘हा गंज बघ. लबाडी नाही. जिथे भोक आहे तिथे भोकच दिसतंय.’’

बॉनेट उघडून त्यांनी इंजिनाचा नंबर आरसी बुकाशी ताडून पाहिला. पत्रिका जुळेना. मेकॅनिकनं भंगारातल्या टॅक्सीचं इंजिन बसवलं होतं.

‘‘पण तेही १०८९ सीसीचंच आहे, नाना. कुर्ल्याच्याच कारखान्यातलं.’’

‘‘माहेर एक असून काय करू? लग्न दुसरीशी लागलंय.’’

पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा खास नंबर मिळतो, तसा २०२१ पासून नियमच आहे, हे मी त्यांना ऐकवलं. ‘‘मिळतो,’’ नाना म्हणाले, ‘‘गाडी मूळ रूपात असेल तर.’’ आणि टॅक्सीच्या इंजिनाकडे, परक्या ताटात जेवायला बसलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

मग मी भावनेला हात घातला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी गेली, तेव्हापासून लोकांना या गाड्या बघून किती भरून येतं! ते किमतीत धरायचं नाही?

‘‘रडायला शंभर येतात, घ्यायला एक येतो. आणि तो रडत नाही.’’

शेवटी मी बिलांची फाइल पुढे केली. तीन लाख चाळीस हजार. नानांनी ती उघडली नाही. हातावर तोलली आणि परत दिली. ‘‘जपून ठेव. सूनबाईच्या हाती लागू देऊ नकोस.’’

आता हिशेब. जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून, सिगारेटच्या पाकिटाच्या कोऱ्या बाजूवर. पूर्ण, नीट झालेली असती तर चार लाख. राहिलेलं काम अडीच लाख, वजा. ‘उघडल्यावर कळेल’ या सदराखाली पन्नास हजार, वजा. घेणाऱ्याचा मनस्ताप पन्नास हजार, वजा. उरले पन्नास.

‘‘नाना, तीन वर्षांपूर्वी ही नुसती सडत उभी होती, तेव्हा तुम्हीच सत्तर म्हणाला होतात.’’

‘‘तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. घेणारा डोळ्यांनी बघत होता. आता त्याला तुझ्या पोत्यांवर विश्वास ठेवायचाय.’’

म्हणजे तीन लाख चाळीस हजार घालून मी गाडी वीस हजारांनी स्वस्त केली होती. यात कुठे चूक आहे ते मी अजून शोधतोय. गेल्या वर्षी शेजारच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांना नानांनी असाच आकडा सांगितला होता. त्यांनी चिडून गाडी पूर्ण केली. आता ते विकायचं नाव काढत नाहीत, कारण मग नानांना पुन्हा बोलवावं लागेल.

‘‘मग पन्नासला तुम्हीच घ्या,’’ मी म्हणालो.

नाना काही बोलले नाहीत. दार उघडून आत बसले. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर हलवून पाहिला: पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. रिकामाच, पण चारही गिअर अगदी रांगेत, घाई न करता. संध्याकाळचा वारा सुटला होता. नानांनी सवयीनं हँडल फिरवून काच वर केली. काच पोत्यात होती.

‘‘आता बरं वाटतंय,’’ ते म्हणाले. ‘‘सूनबाई, दुसरा चहा इथेच आण.’’